कॉव्हेंट्रीचे कीर्तन

दिवाळीच्या अंकात मृतांसाठी रचलेल्या गाण्याविषयी लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. फराळाचे ताट पुढे असताना श्राद्धाच्या गोष्टी कशाला, असे घरातली एखादी आजी म्हणेल. पण त्याच आजीने धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा करून त्याची ज्योत दक्षिणेकडे वळविलेली असते. एरवी आपण दक्षिणेकडे ज्योत करून दिवा लावीत नाही. त्या दिवशी मात्र यमासाठी लावतो, आणि मग निश्चिंत मनाने करंज्यांकडे वळतो. सणाच्या आरंभीच मृत्यूला त्याचा मान देऊन मोकळे व्हावे, हे आपल्या वाडवडिलांचे शहाणपण मला फार आवडते. त्याच आधारावर मी आज बेंजामिन ब्रिटन यांच्या 'वॉर रेक्विएम' या संगीतकृतीविषयी, आणि ती मी जेथे ऐकली त्या कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

ऐकण्याचा योग आला तो २०१२ साली. माझी थोरली बहीण बर्मिंगहॅमला असते. मे महिन्याच्या सुटीत मी तिच्याकडे गेलो होतो. या कृतीच्या पहिल्या प्रयोगाला ३० मे रोजी पन्नास वर्षे पुरी होत होती, आणि १९६२ साली जेथे ती प्रथम झाली त्याच कॅथीड्रलमध्ये, त्याच बर्मिंगहॅमच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून ती पुन्हा व्हायची होती. मेहुण्यांनी तिकिटे आणली. माझ्याबरोबर चौदा वर्षांचा भाचा निघाला. त्या संगीतातला मी जाणकार नव्हे. नाट्यपदे, गावच्या मंडळींची भजने आणि रेडिओवरचे रात्रीचे राग यांवर माझा कान पोसलेला. इंग्रजीही मॅट्रिकपुरतेच. पण आठ दिवस आधी शब्दकोश जवळ घेऊन मी त्यातल्या सगळ्या कविता वाचून काढल्या होत्या. तेवढ्या शिदोरीवर मी जे ऐकले, त्याविषयी माझे एक मत बनले आहे. ते आधीच सांगून टाकतो. ही कृती म्हणजे एक कीर्तन आहे. मात्र या कीर्तनात आख्यान अभंगाला दुजोरा देत नाही, त्याची उलटतपासणी घेते.

हे समजायला आधी ती जागा समजली पाहिजे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहरावर बॉम्ब टाकले. पाचशेहून अधिक माणसे मेली, आणि सेंट मायकेलचे मध्ययुगीन कॅथीड्रल जळून गेले. भिंती आणि उंच मनोरा तेवढा राहिला. युद्धानंतर नव्या कॅथीड्रलच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली. तीत बेसिल स्पेन्स या वास्तुशिल्पज्ञाची निवड झाली. त्याच्या कल्पनेचा गाभा हा, की जुने अवशेष पाडायचे नाहीत. भग्न मंदिर जसे आहे तसे उघड्या आभाळाखाली ठेवावे, आणि नवे त्याला लागूनच उभे करावे. म्हणून नव्या मंदिरात शिरण्याच्या वाटेवर आधी ते जळके अंगण लागते. तेथे जुन्या वेदीच्या मागच्या भिंतीवर दोनच शब्द कोरलेले आहेत. त्यांचा अर्थ, 'पित्या, क्षमा कर.' कोणाला क्षमा कर, ते लिहिलेले नाही. 'त्यांना' हा शब्द मुद्दाम गाळला आहे, म्हणजे मागणारा स्वतःही त्यात आला.

नव्या मंदिराच्या भिंती करवतीच्या दात्यांसारख्या नागमोडी आहेत. प्रवेश करताना नुसता दगड दिसतो. त्यातल्या सत्तर सत्तर फूट उंच रंगीत काचांच्या खिडक्या वेदीच्या दिशेला तोंड करून आहेत, त्यामुळे वेदीपर्यंत जाऊन माघारी वळल्यावाचून त्या दिसत नाहीत. समोरच्या भिंतीवर ग्रॅहम सदरलंड यांच्या चित्रावरून विणलेला ख्रिस्ताचा प्रचंड पट आहे. दक्षिणेच्या बाजूला मात्र भिंतच नाही. जॉन हटन यांनी संतांच्या आणि देवदूतांच्या आकृती कोरलेला काचेचा पडदा आहे, आणि त्यातून ते भग्न मंदिर दिसत राहते. श्रोते वेदीकडे तोंड करून बसतात, तेव्हा ते अवशेष त्यांच्या पाठीशी असतात. यमाची दिशा तेथेही दक्षिणच निघाली, याची मला बसल्या बसल्या गंमत वाटली. पुढे गंमत राहिली नाही.

या मंदिराच्या उद्घाटनासाठी ब्रिटन यांच्याकडे रचना मागितली गेली. ब्रिटन हे युद्धाला तत्त्वतः विरोध करणारे गृहस्थ. त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला होता, आणि १९४५ च्या जुलैत ते व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिन यांच्याबरोबर जर्मनीत जाऊन छळछावण्यांतून वाचलेल्यांपुढे वाजवून आले होते. अशा माणसाने जयजयकार रचला नाही. त्याने मृतांसाठी चर्चमध्ये म्हटली जाणारी पुरातन लॅटिन प्रार्थना घेतली, आणि तिच्या मधोमध विल्फ्रेड ओवेन या कवीच्या नऊ इंग्रजी कविता पेरल्या. ओवेन पहिल्या महायुद्धात अधिकारी होता. युद्ध थांबायला अवघा एक आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, पंचवीस वर्षांच्या वयात तो मारला गेला. युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असतानाच त्याच्या आईच्या हाती मृत्यूची तार पडली, असे सांगतात.

आता कीर्तनाची गोष्ट. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात, त्याचे निरूपण करतात. मग उत्तररंगात एखादे आख्यान लावतात, आणि शेवटी फिरून त्याच अभंगापाशी येतात. आख्यानाचे काम अभंगाचा सिद्धांत आपल्या गळी उतरविण्याचे. ब्रिटन यांची मांडणी बाहेरून हुबेहूब अशीच आहे. लॅटिन प्रार्थना हा त्यांचा अभंग, ओवेनच्या कविता हे आख्यान. पण येथे प्रार्थना म्हणते, मृतांना चिरशांती मिळो. लगेच कविता विचारते, रणांगणावर मरणाऱ्यांना घंटा कुठल्या, त्यांच्या वाट्याला तोफांचाच आवाज. प्रार्थना कयामतीच्या तुताऱ्यांचे वर्णन करते. कवितेत त्याच तुताऱ्या संध्याकाळच्या छावणीत, उद्या मरायच्या पोरांच्या कानांवर येतात. बुवांच्या मागे उभा राहून एखादा झिलकरी प्रत्येक ओवीला 'हे खरे कशावरून?' असे विचारू लागला, तर कीर्तनाचे जे होईल, ते येथे होते. आणि तरीही बुवा कीर्तन थांबवीत नाहीत, झिलकऱ्यालाही बाहेर काढीत नाहीत. माझ्या मते या कृतीचे सगळे मोठेपण या दोघांना एका छपराखाली ठेवण्यात आहे.

ते कसे ठेवले आहे हे कॅथीड्रलमध्ये डोळ्यांनाही दिसते. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचे तीन मेळ आहेत. मोठा वाद्यवृंद, मोठा गायकवृंद आणि एक स्त्री-आवाज हे लॅटिन प्रार्थना म्हणतात. त्यांच्या शेजारी अवघ्या बारा वादकांचा छोटा मेळ. त्याच्या साथीवर दोन पुरुष-आवाज ओवेनच्या कविता गातात. ते दोन सैनिक. तिसरा मेळ लहान मुलांचा, ऑर्गनच्या साथीचा, आणि तो दूर ठेवायचा असतो. मी बसलो होतो तेथून मुले दिसत नव्हती. त्यांचा आवाज कोठून येतो हेही नीट कळत नव्हते. त्यांना ना राग, ना शंका. दगडी भिंतींतून आवाज पाझरावा तसा तो येई. घरी रेकॉर्डवर हे तिन्ही मेळ एकाच पेटीतून ऐकू येतात. तेथे मात्र त्यांच्यामधले अंतर हाच रचनेचा अर्धा अर्थ आहे, हे कळते. शोक जवळ होता, प्रार्थना थोडी पलीकडे होती, आणि निष्पापपण फार लांब होते.

सुरांविषयी आपल्या भाषेत सांगायचे तर सगळी कृती षड्ज आणि तीव्र मध्यम या दोन सुरांच्या भांडणावर उभी आहे. आरंभी घंटा हेच दोन सूर देतात आणि गायकवृंद त्याच दोन सुरांवर पुटपुटल्यासारखी प्रार्थना म्हणतो. आपला कान तीव्र मध्यमाला सरावलेला आहे. यमनात तो पंचमाकडे झुकतो आणि जिवाला बरे वाटते. येथे पंचमाचा आधार मिळत नाही. मारव्याच्या वेळी जी हुरहूर लागते ती येथे लागते, आणि तशीच ठेवली जाते. पहिल्या भागाच्या अखेरीस मात्र वाद्ये थांबतात, गायक अगदी हलक्या आवाजात काही स्वरसंगती घेतात, आणि शेवटच्या क्षणी तो तीव्र मध्यम अर्धा सूर उतरून शुद्ध मध्यमात विसावतो. हेच दुसऱ्या भागाच्या शेवटी होते, आणि हेच सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी आपण विचारात पडतो, की ही शांती मिळाली, की नुसते दमून बसणे झाले?

तिसऱ्या भागाचे आख्यान मराठी वाचकाला सांगण्याजोगे आहे. लॅटिन प्रार्थनेत देवाने अब्राहामला आणि त्याच्या वंशाला दिलेल्या वचनाची आठवण येते. गायकवृंद ती आठवण मोठ्या उत्साहात, एकामागून एक आवाज चढवीत गातो. बायबलात देव अब्राहामची परीक्षा पाहतो, मुलाचा बळी मागतो, आणि ऐन वेळी देवदूत येऊन मुलाऐवजी मेंढा पुढे करतो. आपल्या शिवलीलामृतातला श्रियाळ आणि चांगुणा यांचा चिलया आठवावा. आईने आपल्या हाताने बाळ कांडले, आणि शेवटी शंकराने तो परत दिला. श्रावणात ही कथा ऐकताना आपण डोळे पुसतो ते चिलया परत येणार हे ठाऊक असते म्हणून. ओवेनने शेवट बदलला. त्याच्या कवितेत देवदूत येतो, मेंढाही दाखवितो, पण म्हातारा ऐकत नाही. तो मुलाला मारतो, आणि त्याच्याबरोबर युरोपचे अर्धे बीज एकेक करून मारतो.

ब्रिटन यांनी येथे जे केले ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दोघे सैनिक कवितेची शेवटची ओळ तुटक तुटक, पुन्हा पुन्हा गात असतात, आणि त्याच वेळी दुरून ती मुले देवाला यज्ञ अर्पण करण्याची प्रार्थना गोड आवाजात म्हणू लागतात. ज्यांचा बळी जायचा तीच अर्पणाचे मंत्र म्हणताहेत! त्यानंतर मोठा वृंद वंशाच्या वचनाचे तेच गाणे पुन्हा घेतो. पण आता चाल उलटी फिरवलेली आणि आवाज कुजबुजीइतका. चिलया परत आला नाही, हे त्या कुजबुजीने जेवढे सांगितले तेवढे कोणत्याही टाहोने सांगितले नसते. मी शिक्षक आहे. प्रार्थनेच्या तासाला मुलांना ओळीत उभे करून डोळे मिटायला सांगणे हे माझे रोजचे काम. तेव्हापासून ते काम करताना ती कुजबुज मला अधूनमधून ऐकू येते.

सगळेच असे कठोर नाही. दुसऱ्या भागात स्त्री-आवाज लॅटिनमधून अश्रूंच्या दिवसाविषयी रडतो, आणि मध्ये मध्ये पुरुष-आवाज अगदी साध्या शब्दांत एका मेलेल्या सैनिकाला उन्हात ठेवून पाहायला सांगतो. शेतकऱ्याचा पोर, त्याला आजवर रोज उन्हानेच जाग आणली. येथे प्रार्थना आणि कविता भांडत नाहीत. एकमेकींचे डोळे पुसतात. चौथ्या भागात तर गायकवृंदातला प्रत्येक आवाज स्वतःच्या लयीत देवाचे नाव घेऊ लागतो, आणि तो गलबला चढत चढत सारे मंदिर भरून टाकतो. वारीत नामाचा गजर टिपेला पोहोचल्यावर शब्द विरघळून नुसता नाद उरतो, तसा तो नाद होता. मला वाटले, आता देवाने बाजी मारली. पण तो ओसरताच दुसरा सैनिक उठतो आणि शांतपणे विचारतो, मेलेले खरेच उठतील काय? उत्तर येते, नाही.

मध्येच भाचा माझ्या कानाशी लागला. "मामा, हे देवाचं गाणं आहे, की देवाशी भांडण?"

"दोन्ही," मी म्हणालो. "आता ऐक."

भांडण मराठी माणसाला नवे नाही. नामदेव, जनाबाई, तुकोबा यांनी विठोबाला काय काय सुनावले आहे! पण संतांचे भांडण घरातले आहे. ओवेनचे भांडण मुळात देवाशी नाहीच. देवाचे नाव घेऊन पोरांना पुढे धाडणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आहे. म्हणून ते प्रार्थनामंदिरातच व्हायला हवे होते. बाहेरच्या सभागृहात ती निंदा झाली असती. आत ती कबुली होते.

या कृतीवर आक्षेप आले आहेत. स्त्राविन्स्की यांनी तिच्याभोवती जमलेल्या एकमुखी स्तुतीची चांगलीच थट्टा केली. माझाही एक आक्षेप आहे. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाहून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. त्यांचा येथे आवाज कोठे आहे? नऊच्या नऊ कविता एका इंग्रज अधिकाऱ्याच्या, आणि मेले ते युरोपचे बीज. शिपायाच्या आईला हे गाणे आपले कसे वाटावे? यावर विचार करताना मला एक गोष्ट आठवली. ओवेनच्या आईने १९२० साली रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहिले. शेवटचा निरोप घेताना मुलाने गीतांजलीतले शब्द म्हटले होते, आणि नंतर त्याची वही घरी आली तीत तेच शब्द त्याच्या अक्षरात टागोरांच्या नावासह लिहिलेले होते, असे त्या माउलीने कळविले. म्हणजे आपल्याकडचा एक शब्द त्या खंदकात होता. याने आक्षेप फिटत नाही. पण आईचे दुःख कोणत्या देशाचे, हा प्रश्न मात्र लहान होतो.

शेवटचा भाग युद्धाच्या पावलांनी सुरू होतो, भयाने टिपेला पोहोचतो आणि एकदम रिकामा होतो. त्या रिकामपणात दोन सैनिक जमिनीखालच्या एका अंधाऱ्या भुयारात भेटतात. एक दुसऱ्याला सांगतो, मी तुझा शत्रू, काल तूच मला मारलेस. आवाज चढत नाही. पहिल्या प्रयोगात हे दोघे गाणारे होते इंग्रज पीटर पिअर्स आणि जर्मन डीट्रिख फिशर-डीस्काव. फिशर-डीस्काव तरुणपणी जर्मन सैन्यात होते आणि युद्धकैदीही झाले होते. तिसरा, स्त्रीचा आवाज रशियाच्या गालिना विश्नेव्स्काया यांचा योजला होता; सोव्हिएत सरकारने त्यांना येऊ दिले नाही, म्हणून ऐनवेळी हेदर हार्पर गायल्या. २०१२ साली कॅनडाच्या एरिन वॉल, इंग्लंडचे मार्क पॅडमोर आणि जर्मनीचे हानो म्युलर-ब्राखमान गायले. आणि संचालक आंद्रिस नेल्सन्स हे सोव्हिएत अमदानीतल्या रिगात जन्मलेले. फिशर-डीस्काव त्याच महिन्याच्या १८ तारखेला वारले होते. भुयारातला तो जर्मन आवाज सुरू झाला तेव्हा हे माहीत असलेल्या श्रोत्याला तो एका माणसाचा वाटला नसेल.

मारलेला आणि मारणारा एकमेकांना झोपायला सांगतात. आणि येथे, सबंध कृतीत प्रथमच, तिन्ही मेळ एकत्र येतात. मुले, मोठा वृंद, स्त्री-आवाज, सगळे मिळून त्या दोघांना जोजवितात. बळी गेलेल्याने मारणाऱ्याचे सांत्वन करावे हे मला क्षणभर फार स्वस्त वाटले. पण ब्रिटन त्या गोडव्यात आपल्याला झोपू देत नाहीत. घंटा वाजतात, तेच दोन सूर, षड्ज आणि तीव्र मध्यम; अंगाई तुटते. पुन्हा थोडे गाणे, पुन्हा घंटा. मग ती हलकी स्वरसंगती, आणि शुद्ध मध्यम. १९६२ साली टाळ्या वाजवू नयेत अशी ब्रिटन यांची इच्छा होती, आणि ती पाळली गेली. आम्ही ऐकले तेव्हाही शेवटच्या सुरानंतर कितीतरी वेळ कोणी हलले नाही. त्या शांततेत काय होते, हे सांगण्याजोगे शब्द माझ्यापाशी नाहीत. पण समाधान नव्हते एवढे नक्की.

कीर्तनात बुवा शेवटी अभंगापाशी परत येतात, तेव्हा अभंग तोच असतो, ऐकणारा बदललेला असतो. येथेही प्रार्थना पहिलीच आहे, शब्द तेच आहेत: चिरशांती मिळो. फक्त आता ती म्हणणाऱ्याला, आपण कोणाच्या वतीने आणि कोणत्या तोंडाने हे मागतो आहोत, याचा विसर पडत नाही. पाठीशी ते जळके मंदिर आणि त्याच्या भिंतीवरचे ते कर्म नसलेले वाक्य असते. वेदीपर्यंत जाऊन वळल्यावर खिडक्यांतले रंग दिसावेत, तसा सगळ्या भांडणाचा अर्थ शेवटी मागे पाहिल्यावर दिसतो. श्रद्धाळू माणसाने शंकेला हाकलले नाही आणि शंकेखोराने प्रार्थना सोडून दिली नाही, तर दोघांना मिळून जे म्हणता येईल, तेच हे गाणे.

कॉव्हेंट्रीला सर्वांना जाता येणार नाही. पण ब्रिटन यांनी स्वतः संचालन केलेली, विश्नेव्स्काया यांच्यासह तिन्ही योजलेले आवाज असलेली १९६३ सालची रेकॉर्ड आजही ऐकायला मिळते. पाहुणे गेल्यावर, मुले किल्ल्यावरचे मावळे आवरून झोपल्यावर, एखाद्या रात्री दीड तास काढून ती ऐकावी. मुलांचे आवाज येतील तेव्हा ते फार दुरून येत आहेत, असे समजावे.